त्या जुन्या साबणाच्या जाहिराती निरागस नव्हत्या, संपादक साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत साबणाच्या जुन्या जाहिरातींचं एक अख्खं पान आलं होतं. बायकांचे चेहरे, सगळे गोल, गोरे, नितळ, आणि खाली लिहिलेलं की किती साधा न् निरागस काळ होता तो. माझं दर्यापूर तालुक्यात एका खेड्यात किराणा दुकान आहे, तीस वर्षं झाली, पेपर वाचून झाला की त्याच्याच पुड्या बांधायच्या असा आमचा नेम, पण ते पान मी पुड्यांत जाऊ दिलं नाही, गल्ल्याखाली ठेवलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की काढून पाहत राहिली. तो निरागस शब्द काही केल्या घशाखाली उतरेना. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर मधलं काय कापायचं ते कापा पण शेवटी जी विनंती केली ती कापू नका.

पहिले हे सांगते की साबणाशी माझं काही वैर नाही. साबण विकूनच माझ्या घरची चूल पेटते, आणि सुईणीनं साबणानं हात धुतले की बाळ-बाळंतीण वाचते हे आमच्या गावात पटवून द्यायला नर्सबाईला किती वर्षं गेली ते मी डोळ्यानं पाहिलं. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून मोती साबणानं आंघोळ केली नाही तर मला आजही दिवाळी झाली असं वाटत नाही. पण त्या कागदावरच्या चेहऱ्यानं आम्हा खेड्यातल्या बायकांना काय शिकवलं ते कोणीतरी लिहिलं पाहिजे, आणि तुमच्या पानावर ते एका ओळीतही नव्हतं.

आमच्या आत्याची एक पत्र्याची पेटी होती, निळी, झाकणावर मोर काढलेला. तिच्या लग्नातली, म्हणजे साठ-बासष्ट सालची असेल. त्या पेटीत लुगड्यांच्या घडीत साबणाचे कागद ठेवलेले असत, कपड्यांना वास लागावा म्हणून. साबण नाही बरं का, नुसते कागद. वासाचा साबण घरात वर्षातून एक-दोन वेळा यायचा, दिवाळीला नाहीतर कोणी मोठा पाहुणा येणार असला तर, आणि आला की आजी तो दोऱ्यानं कापायची, मधोमध दोरा गुंडाळून दोन्ही टोकं ओढली की सरळ दोन तुकडे, एक न्हाणीच्या कोनाड्यात पाहुण्यांसाठी आणि एक कुलपात. घरच्या बाप्यांसाठी लाल साबण, वावरातून आले की हातपाय धुवायला. बायकांच्या वाट्याला कपड्याच्या साबणाचा उरलेला पातळ चिपडा, नाहीतर बेसन, आणि डोक्याला रिठे नाहीतर काळी माती. तर आत्या कधीमधी आम्हा पोरींना पेटी उघडून तो कागद दाखवायची, आम्ही पाळीपाळीनं नाकाला लावायचो, मग त्याच्यावरच्या बाईकडे पाहायचो आणि आत्या म्हणायची, "पाय व माय, कशी लोण्यावानी हाये." ती असं म्हणताना स्वतःच्या हाताकडे पाहायची. हे तेव्हा लक्षात आलं नाही, आता लिहिताना आठवून राहिलं.

आत्याला वाचता येत नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांमधली साक्षरता ८.८६ टक्के होती, म्हणजे शंभरात नऊ सुद्धा नाही, आणि आमच्यासारख्या खेड्यात तर काय असेल. त्यामुळं जाहिरातीत खाली मजकूर काय छापला होता, साबण कशाचा बनला, कोण कंपनी, हे आमच्या बायकांपर्यंत कधी आलंच नाही. आला तो चेहरा. लिहिलेल्या शब्दाला माणूस म्हणू शकते की हे खोटं आहे. चेहऱ्याला काय म्हणणार, तो पेटी उघडली की आपला पाहत राहते आपल्याकडे.

आता जे लिहिते ते मी कधी कोणाला सांगितलं नाही.

१९८१ मध्ये माझ्या ताईला पाहायला पाहुणे येणार होते. ताईचा रंग सावळा, उन्हाळ्यात काळाच म्हणा, कारण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत कपाशीची वेचणी आणि पुढं सगळी उन्हातली कामं, मजुराला द्यायला पैसे नसायचे म्हणून घरच्याच पोरी वावरात. मायनं आठवडी बाजारातून वासाचा साबण आणला आणि न कापता, अख्खा, ताईच्या हातात दिला. आमच्या घरात कोणा बाईच्या हातात अख्खा साबण पडल्याची ती पहिली वेळ. ताई चार दिवस सकाळ-संध्याकाळ तोंड आणि हात घासत होती, नुसतं घासत होती.

आणि फेस येईना. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, अमरावती, अकोला, बुलढाण्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला हा पट्टा, विहिरीचं पाणी इतकं खारं की डाळ शिजत नाही. अशा पाण्यात साबण फाटते, पाण्यात जे चुन्याचे क्षार असतात त्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन पांढरा साका तयार होते, तो पाण्यात विरघळत नाही आणि कातडीवर चिकटून बसते. हे मला पुढं कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत की चित्रातल्या बाईच्या खांद्यापर्यंत फेसाचे डोंगर आहेत आणि आपल्या हातावर दह्याच्या चोथ्यासारखं काहीतरी येऊन राहिलं. ताईला वाटलं तिच्या कातडीतच खोट आहे. तिनं मला विचारलं होतं, "माह्याच आंगाले काऊन फेस येत नाई?" मी चौदा वर्षांची, मी काय सांगणार. चौथ्या दिवशी तिच्या गालावरची कातडी फाटून पांढरे पापुद्रे निघाले आणि मायनं त्याच्यावर खोबरेल लावून वर पावडर लावली.

पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला, नाव सांग, चालून दाखव, सगळं झालं. मग मुलाच्या मावशीनं ताईचा हात हातात घेतला, प्रेमानं घेतल्यासारखा, आणि हिरव्या बांगड्या हळूच कोपराकडे सरकवल्या. बांगड्यांखाली ऊन लागत नाही, तिथं मनगटाभोवती एक उजळ पट्टा असते. मावशीनं तो पट्टा पाहिला, मग बाजूचा हात पाहिला, मग बांगड्या पुन्हा खाली सोडल्या. एक शब्द बोलली नाही. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पोरगी कामाची आहे, घराणं चांगलं आहे, पण रंगानं डावी आहे.

त्या रात्री मी उठली तर ताई चुलीपाशी दिवा घेऊन बसली होती. बांगड्या वर सरकवून तो पट्टा पाहत होती. मला म्हणे, "पाय, माहा खरा रंग हा हाये."

साहेब, तुमच्या पानावरचं चित्र पाहून मला ही रात्र आठवली. म्हणून निरागस म्हणू नका.

माझी भाची अमरावतीला शिकते, तिला पान दाखवलं तर तिनं जुन्या जाहिरातींचा सगळा धांडोळाच काढून दिला, आम्ही दोघी दोन रात्री वाचत बसलो, काही जाहिराती इंग्रजीत होत्या त्या तिनं मराठीत सांगितल्या. पेअर्स साबण लंडनचा, दोनशे वर्षांहून जुना. तो खपवायला थॉमस बॅरेट नावाच्या माणसानं १८८० च्या दशकात लिली लँगट्री या नटीचं नाव आणि चेहरा वापरला, तिच्या गोऱ्या कांतीची तेव्हा विलायतेत फार चर्चा होती, आणि साबणाच्या मागं नटी उभी करायची ही रीत तिथून रुळली. त्याच साबणाची त्याच काळातली एक दुसरी जाहिरात आहे, गोरा मुलगा काळ्या मुलाला टबात आंघोळ घालते आणि दुसऱ्या चित्रात काळ्या मुलाचं मानेखालचं सगळं अंग पांढरं झालेलं, तोंड तेवढं काळं राहिलं. लहान लेकरं दाखवून हे छापलं. १८९९ च्या एका जाहिरातीत तर अमेरिकेचा ॲडमिरल जहाजात हात धुताना आहे आणि मजकूर असा की काळ्या लोकांना सुधारायचं गोऱ्यांवर जे ओझं आहे ते हलकं करायची पहिली पायरी म्हणजे त्यांना स्वच्छता शिकवणं. म्हणजे काळा रंग म्हणजे मळ, ही गोष्ट साबणाच्या धंद्यात अगदी सुरुवातीपासून मुरलेली आहे. आणि तेच साबण बोटीनं आपल्याकडे आले. लिव्हर ब्रदर्सचा सनलाईट १८८८ मध्ये कलकत्त्याला उतरला, लाईफबॉय १८९५ मध्ये, पेअर्स १९०२ मध्ये. खोक्यांबरोबर ती गोष्टही उतरली.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते अमेरिकेतल्या बायकांसाठीच्या जाहिरातींचं. १९११ मध्ये वुडबरी साबणासाठी हेलन लॅन्सडाऊन नावाच्या बाईनं ओळ लिहिली, अशी कातडी जिला हात लावावासा वाटेल. बाईनं लिहिली, आणि ती बाई साधी नव्हती, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणारी होती. मला हे वाचून वाईट वाटलं आणि समजलंही, कारण बाईचं दुखणं कुठं असते ते बाईलाच बरोबर माहीत असते. त्याच साबणाची १९२० च्या दशकातली जाहिरात आहे, त्यात विचारलं आहे की अनोळखी लोकांचे डोळे तुम्हाला बारकाईनं, दोष काढायला पाहतायत, त्यांना तुम्ही न भिता सामोऱ्या जाऊ शकता का? भाचीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मला एकदम त्या मावशीचा हात दिसला, बांगड्या सरकवणारा. कुठं अमेरिका आणि कुठं आमच्या घरची ओसरी, पण डोळे तेच. १९२१ ची पामोलिव्हची जाहिरात विचारते, तुमचा नवरा तुमच्याशी पुन्हा लग्न करेल का? १९३० च्या दशकात कॅमे साबण सांगत होता की बाईसाठी रोजचा दिवस ही सौंदर्यस्पर्धाच आहे, कोणीतरी कायम तुम्हाला पाहून मार्क देऊन राहिलं. या जाहिरातींमध्ये साबण नंतर येते. आधी भीती येते. आधी बाईला सांगायचं की तुला पाहून राहिले आणि तू कमी आहेस, मग वडी पुढं करायची.

आपल्याकडे लक्स १९२९ मध्ये आला आणि १९४१ मध्ये लीला चिटणीस त्याच्या जाहिरातीत आल्या, पहिली भारतीय नटी. तुमच्या पानावर त्यांचं चित्र होतं आणि खाली फक्त सोज्वळ सौंदर्य असं लिहिलं होतं. अहो त्या धारवाडच्या, पदवी घेतलेल्या, मराठी रंगभूमीवरून आलेल्या बाई, ज्या काळात चांगल्या घरच्या बाईनं सिनेमात जाणं म्हणजे घराण्याला बट्टा त्या काळात त्यांनी ते केलं, लेकरं सांभाळून केलं. त्यांच्याबद्दल लिहायला केवढं होतं. साबणाला त्यांची कांती हवी होती ते समजू शकते, पण ऐंशी वर्षांनी तुमच्या पेपरालाही तेवढीच दिसावी याचं मला फार वाईट वाटलं.

आणि बाप्यांच्या साबणाचं पहा. तिथं तंदुरुस्ती, खेळाचं मैदान, घाम, चिखल. घाण लागली, धुतली, संपलं. बाप्याला कोणी म्हणत नाही की तुझा रंग म्हणजे मळ आहे. वावरात आम्ही बायका त्यांच्याइतकंच, खरं तर जास्तच राबतो, निंदण आमचं, वेचणी आमची, पऱ्हाटी उपटणं पण आमचं, हात बोंडांनी ओरबाडलेले, नखांत काळी माती, पण शंभर वर्षांच्या साबणाच्या जाहिरातींत घाम आलेली बाई शोधून सापडत नाही. कपड्याच्या साबणात असते एखादी, ती पण नवऱ्याचा सदरा पांढरा झाला म्हणून हसताना.

स्वदेशीवाल्यांनी काही वेगळं केलं हे सांगायला पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास जनावराच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला, त्यांचा जोर चरबी नाही आणि देशी आहे याच्यावर होता, रवींद्रनाथ टागोरांनी सुद्धा गोदरेज साबणाची जाहिरात केली, आणि टागोर काही गोरं व्हायला सांगत नव्हते. म्हैसूरच्या सरकारी कारखान्याचा चंदनाचा साबण पहिल्या महायुद्धाच्या काळातला, लाकूड परदेशी जाईना म्हणून तेल काढलं आणि तेलाचा साबण केला. कलकत्त्याचा मार्गो कडुनिंबाचा. म्हणजे भीती न दाखवताही साबण विकता येत होता. पण पुढं बाजारात टिकायचं म्हणून सगळ्यांना त्याच चेहऱ्याच्या वाटेनं जावं लागलं असं मला दुकानदार म्हणून वाटते.

मग रेडिओ आला. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुण्यासोबत आमच्या नागपूरवरून, त्यामुळं विदर्भातल्या खेड्यांनी त्या देशात पहिल्यांदा ऐकल्या असं म्हणायला हरकत नाही. बाबांचा रेडिओ चामड्याच्या कव्हरातला, दुपारी सरकी वेगळी करताना आम्ही ऐकायचो, आणि जे आत्याला वाचता येत नव्हतं ते आता तिच्या कानात पडायला लागलं, तिला जिंगल पाठ होत्या. नंतर टीव्हीवर संतूर साबणाची ती आई जिच्या लेकरानं मम्मी म्हणून हाक मारली की सगळे चकित, म्हणजे आता नुसतं गोरं असून भागत नव्हतं, आई झाली तरी आई दिसायचं नाही. त्या साबणाची कंपनी आपल्या अमळनेरच्या तेलाच्या कारखान्यातून मोठी झाली याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे, म्हणूनच जास्त लागते.

आता मी दुकानात बसून जे शिकली ते सांगते. साबण कातडीवरचं तेल, धूळ, मेलेल्या पेशी धुऊन नेते, बस. रंग देणारं मेलॅनिन कातडीच्या आत तयार होते, साबणाचा हात तिथपर्यंत जातच नाही, आणि ते मेलॅनिन उन्हापासून वाचवायला असते, आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीच्या वर पारा जाते तिथं सावळी कातडी ही देवानं दिलेली छत्री आहे. उलट साबण क्षाराचा, कातडी थोडी आंबट गुणाची, जास्त घासलं की ती कोरडी पडून फाटते, ताईची फाटली तशी. आणि साबणाचा खरा कस समोरच्या चेहऱ्यात नसते, कागदाच्या मागं बारीक अक्षरात टीएफएम म्हणून एक आकडा असते, म्हणजे साबणात तेला-चरबीचा अंश किती ते, त्याच्यात असते. टॉयलेट सोपमध्ये पहिल्या ग्रेडला तो कमीत कमी ७६ टक्के पाहिजे, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६०, आणि बाथिंग बार लिहिलं असेल तर ४० टक्क्यांवरही चालते. मी गिऱ्हाइकाला वडी उलटी करून तो आकडा दाखवते. कधीकधी बाया म्हणतात, "काकू, तो राहू द्या, गोरं कायनं होते ते सांगा." दोन वर्षांमागे एक पोट्टी आली होती, अकरावीतली असेल, आईच्या मजुरीचे पैसे मुठीत, तिला हेच पाहिजे होतं. मी तिला नाही म्हटलं, घरी जा म्हटलं, तर ती दुसऱ्या दुकानात गेली. मला दिसली जाताना.

आम्ही वारकरी माणसं. रुक्मिणीचं माहेर आमच्याच जिल्ह्यात, कौंडण्यपूरला, तिथून पालखी पंढरपूरला जाते. रुक्मिणीनं ज्याच्यासाठी भावाशी वैर घेतलं तो काळा. विटेवर उभा आहे तो काळा. द्रौपदीचं एक नाव कृष्णा, ते तिच्या रंगावरून. हे सगळं आम्ही टाळ वाजवून म्हणतो, मग घरी येऊन सुनेच्या बांगड्या सरकवून पाहतो. गोरेपणाची ओढ साबणवाल्यांच्या आधीही होती, घरातली, जातीतली, ते मला नाकारायचं नाही, आमची आजी पण नात झाली की पहिले रंगच विचारायची. पण ती ओढ घराघरात वेगवेगळी होती, कोणाला नाक पाहिजे, कोणाला केस, कोणाला हाताला काम. त्या कागदानं सगळ्यांना एकच चेहरा दिला, आणि तो विकत मिळते असं सांगितलं. मग ज्या बाईला मिळाला नाही तिनं विकत घेतला नाही, घासलं नाही, काळजी घेतली नाही, म्हणजे चूक तिचीच झाली. पहिले सावळी असणं हे नशीब होतं, नंतर तो दोष झाला.

आता विनंती.

ज्या रविवारी ते जुन्या जाहिरातींचं पान आलं त्याच अंकात आत वधू-वर सूचकचं पान होतं. मी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. गोरी पाहिजे, गोरी सुंदर पाहिजे, गोरी उंच घरकामाची आवड असणारी पाहिजे, मी बोटं मोजायला घेतली तर दोन्ही हातांची पुरली नाहीत. मुलींच्या बाजूनं जाहिराती तर वाचवत नाहीत, शिकलेल्या, नोकरीच्या पोरी आणि नावाखाली गोरी नाहीतर निमगोरी. निमगोरी म्हणजे काय हो, अर्धी कशाची? माझ्या मुलीचा बायोडाटा करायला मी तालुक्याला कॉम्प्युटरवाल्याकडे गेली होती, त्याच्या तयार फॉर्मॅटमध्ये उंची, रक्तगट, आणि वर्ण. मी म्हटलं वर्ण काढून टाक. तो म्हणे काकू, फॉर्मॅटच तसा येते, रिकामा ठेवला तर लोक काहीतरी लपवलं समजतात. मी तिथंच बसून राहिली, म्हटलं काढल्याशिवाय उठत नाही, मग त्यानं ती ओळ काढली. पाच मिनिटांचं काम होतं.

जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की संस्थेनं २०१४ मध्येच नियम केला की रंगावरून कोणाला कमी लेखणारी, सावळी माणसं दुःखी न् मागे पडलेली दाखवणारी जाहिरात करायची नाही. १९७५ पासून गोरेपणाच्या नावावर चाललेल्या फेअर अँड लव्हली क्रीमनं २०२० मध्ये नावातला तो शब्दच काढला, ग्लो केला. ते मनापासून काढलं की धंद्यासाठी, त्याच्यात मी जात नाही. पण एवढी मोठी कंपनी पंचेचाळीस वर्षांचं नाव बदलू शकते तर पेपरला आपल्या छोट्या जाहिरातींतला एक शब्द नाकारता येऊ नये का? जात लिहू नका म्हणावं असं पण मला वाटते, पण ते मोठं भांडण आहे, आज एकच मागते. वधू-वरच्या पानावर रंगाचा शब्द घेणं बंद करा. काउंटरवरच्या मुलाला सांगून ठेवा, कोणी लिहून आणलं तर म्हणावं दादा हा शब्द आमच्याकडे छापत नाही, शिक्षण लिहा, काम लिहा, स्वभाव लिहा. काही लोक दुसऱ्या पेपरकडे जातील. माझ्याही दुकानातून गेली ती पोट्टी.

आणि जुन्या जाहिरातींचं पान पुन्हा काढणार असाल तर जरूर काढा, लोकांना पाहू द्या, पण त्या चित्राखाली हेही लिहा की ते पाहून कोणी किती दिवस तोंड घासलं. वाचकांना विचारा, बाया लिहितील, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहून घेईन.

हे सगळं ताईला विचारून लिहिलं. तिचं पुढं लग्न झालं, चांगलं झालं, जावई माणूस देव होता, आता ती नातवंडांत आहे. फोनवर वाचून दाखवलं तर बांगड्यांपर्यंत आली तेव्हा ती गप्प झाली, मला वाटलं फोन कटला. मग म्हणे, "लिही, पण नाव नोको टाकू."

आत्याच्या पेटीतले तीन कागद माझ्याकडे आहेत, वास कधीच गेला, एकाचा रंग उडाला पण चेहरा दिसते. पानासाठी पाहिजे असतील तर एसटी पार्सलनं पाठवते. फोटो काढून झाले की परत पाठवा, ते ताईच्या मुलीला द्यायचे आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, किराणा दुकानदार
ता. दर्यापूर, जि. अमरावती